ससा खोक्याबाहेरच येत नाही

प्रश्न : दत्तक घेतलेला ससा चार दिवस झाले कोपऱ्यात दबून बसलाय. उचलला की लाथा झाडतो. काय करावं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी उचलणं थांबवा. वरून येणारा हात सशाला घारीसारखा वाटतो आणि धडपडीत त्याचा कणा मोडू शकतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारं कापा. एकच असलं की त्याला कोंडल्यासारखं होतं. खोकं टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्यांपासून लांब ठेवा. रोज संध्याकाळी अर्धा तास जवळच जमिनीवर पेपर वाचत बसा. हुंगायला आला तरी हात हलवू नका. त्याने आपणहून डोकं खाली घातलं, तर कपाळ हलकेच चोळा.

खाणं सध्या आधीच्या घरचंच; बदल करायचा तर आठवडाभरात, थोडा थोडा. वाळलेलं गवत कायम समोर हवं. भाताचं पिंजर (पेंढा) अंथरायला ठीक, पोटाला नाही. तुमच्याकडच्या पावसात गवताला लगेच बुरशी धरते, कुबट वास आला की टाकून द्या. (पाहुण्यांनी कौतुकाने पुढे केलेली कुंद्याची मिठाईही नको!)

१२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर त्याला भित्रेपणा समजू नका. आतड्यांची हालचाल मंदावल्याची ती खूण असते. लगेच पशुवैद्य गाठा.