नायक घडवताना

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रेमकादंबरीची पहिली पाच प्रकरणं वाचली. नायिका फार छान उतरली आहे. तिचा हिशेबीपणा, आईशी फोनवर खोटं बोलणं, मग त्याच खोट्यावर रडणं, सगळं पटतं. नायक मात्र अजून कॅलेंडरवरच्या फोटोसारखा आहे. उंच, गहिरे डोळे, स्वतःची कंपनी, भूतकाळात काहीतरी दुःख. यातलं काहीही वर्ज्य नाही, पण यातल्या कशामुळेही वाचक त्याच्यात गुंतत नाही. वाचक गुंततो तो नायकाच्या वागण्यात, आणि त्यातही जे वागणं त्याला स्वतःला महागात पडतं, त्यात.

पहिल्या भेटीपासून सुरुवात कर. साठ हजार शब्दांच्या कादंबरीत तो पहिल्या पाच-सहा हजार शब्दांत यायला हवा, आणि आला की कामात असायला हवा. समज, तो पशुवैद्य आहे. रात्री गोठ्यात गाय अडली आहे, वासराचा पुढचा पाय मागे दुमडलाय. तो घड्याळ काढून खिशात टाकतो, खांद्यापर्यंत हात धुतो. कळ ओसरली की वासराला हलकेच आत ढकलतो, जागा झाली की पाय सरळ करतो, आणि खुराने गर्भाशय फाटू नये म्हणून खूर तळहातात झाकून धरतो. बॅटरी नायिकेच्या हातात आहे. तो तिच्याकडे पाहतही नाही, फक्त ‘जरा खाली धरा’ म्हणतो. या प्रसंगात त्याच्या डोळ्यांबद्दल एक शब्द नाही, तरी हा माणूस घाबरलेल्या जिवाशी कसा वागतो ते वाचकाला कळलं. तुझ्या नायकाची कंपनी खुशाल ठेव, पण तिथे तो नेमकं काय करतो ते तुला इतक्या बारकाव्याने ठाऊक हवं. ‘मीटिंगमध्ये होता’ एवढ्यावर भागत नाही.

पुढची गोष्ट म्हणजे नायकाने नायिकेकडे लक्ष देणं. तिने न सांगितलेलं काहीतरी त्याच्या ध्यानात येतं, आणि तो ते बोलून न दाखवता त्याप्रमाणे वागतो. अशा तीन-चार जागा अख्ख्या कादंबरीला पुरतात. प्रत्येक पानावर पेरल्यास, तर तो प्रियकर न वाटता पाळत ठेवणारा वाटू लागेल.

आता दोषाबद्दल. नवे लेखक इथे हमखास कच खातात. ‘फार स्वाभिमानी’, ‘कामात बुडालेला’ हे दोष नव्हेत, ती आडून केलेली स्तुती आहे. दोष असा हवा की त्याने नायिकेचं खरोखर नुकसान होईल. जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या एकाच गोष्टीसाठी पुन्हा वाच. एकूण ६१ प्रकरणं आहेत. नायक डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ती ३४व्या प्रकरणात, आणि तीही नायिका एलिझाबेथच्या घराण्याचा कमीपणा तिला ऐकवत. शिवाय तिच्या बहिणीचं जुळत आलेलं नातं त्याने आधीच मोडलेलं असतं. म्हणजे अर्ध्याहून अधिक पुस्तक होईपर्यंत नायक नाकारण्याच्याच लायकीचा आहे. पुढे ऑस्टेन त्याला सावरते, पण त्याच्या तोंडी भाषणं घालून नाही. आधी त्याचं पत्र येतं. मग ४३व्या प्रकरणात त्याच्या घरची कारभारीण, जिने त्याला चार वर्षांचा असल्यापासून पाहिलंय, ती त्याच्याबद्दल बोलते. त्यानंतर एलिझाबेथची धाकटी बहीण डार्सी ज्याचा तिटकारा करतो अशा माणसाबरोबर पळून जाते, तेव्हा डार्सी त्याच माणसाला शोधून त्याची देणी फेडतो, आणि हे एलिझाबेथला कळू नये अशी व्यवस्था करतो. ते कळतं मामीच्या पत्रातून. ५८व्या प्रकरणात तो पुन्हा विचारतो, तेव्हा तिचं मन बदललं नसेल तर हा विषय कायमचा बंद करायची त्याची तयारी असते. हा क्रम वहीत उतरवून काढ: दोष, नकार, तिसऱ्याच्या तोंडून साक्ष, गुपचूप केलेली मदत, मग नवी मागणी. साक्ष देणारं माणूस असं निवड, ज्याला खोटं बोलून काही मिळणार नाही.

तुझ्या चौथ्या प्रकरणात ती ‘नको’ म्हणते आणि तो तिचा हात धरून थांबवतो. ते काढून टाक. नकार ऐकल्यावर नायक काय करतो, याकडे आजची वाचक डोळ्यांत तेल घालून पाहते. त्याला मत्सर वाटू दे, रात्रभर झोप न येऊ दे, पण ‘त्याच्याशी बोलायचं नाही’ असा हुकूम त्याने सोडता कामा नये. माफी मागताना त्याने काय केलं ते नाव घेऊन सांगावं, ‘पण’ म्हणू नये, आणि बदल्यात लगेच काही मागू नये. बालपणीचं दुःख माफीच्या प्रसंगात आणलंस, तर ती माफी राहत नाही, वकिली होते. ते दुःख आधीच, दोन-तीन तुकड्यांत येऊन जाऊ दे.

आणखी एक, आपल्या भाषेने फुकट दिलेलं. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कोण आधी येतं आणि कुठे, हे ठरवून लिही. सध्या दुसऱ्या प्रकरणात ते नकळत घडून गेलंय. इतका मोलाचा प्रसंग असा वाया घालवू नकोस.

दुसरा खर्डा करताना नायकाच्या प्रत्येक प्रसंगाशेजारी समासात तीन गोष्टी लिही: त्याला काय हवंय, तो काय करतो, त्यात त्याचं काय जातं. सलग तीन प्रसंगांत तिसरी जागा रिकामी राहिली, तर तिथे तो नुसता मिरवतोय असं समज आणि प्रसंग नव्याने रच. पहिलं आणि चौथं प्रकरण आधी पाठव, बाकीची थांबली तरी चालतील.

तुझ्या पानांची वाट पाहत,
शुभेच्छुक