इंग्लंडमध्ये जुन्या भिंतींवर कोरलेले सर्वेक्षणाचे बेंचमार्क कसे शोधायचे?

बेंचमार्क म्हणजे समुद्रपातळीपासूनची उंची मोजून ठेवलेली खूण. ती शोधायला आधी जुना नकाशा उघडा, मग बाहेर पडा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे मैलाला 25 इंचांचे नकाशे फुकट पाहता येतात, इंग्लंडचेसुद्धा. त्यांवर अशा खुणेपाशी ‘बी.एम.’ आणि फुटांतली उंची छापलेली असते. इथे चालायला जाताना मी हेच करतो. जागेवर पोचल्यावर नजर खाली ठेवा; खूण बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास सापडते. दगडात एक आडवी खाच आणि तिच्याकडे खालून टोक केलेला तीन रेघांचा बाण. उंची मोजायची ती खाचेची, बाण फक्त ओळखीसाठी. सर्वेक्षक त्या खाचेत लोखंडी कोन बसवून त्यावर मोजपट्टी उभी धरत. चर्चच्या मनोऱ्याचे कोपरे, पुलांचे कठडे आणि (अर्थातच) जुने पब आधी बघा, कारण सहसा पाडल्या न जाणाऱ्या वास्तूच निवडल्या जात. शेवाळ असेल तर हातानं चाचपा, खरवडू नका.

मात्र नकाशातली उंची आजची म्हणून वापरू नका. जुने आकडे लिव्हरपूलच्या समुद्रपातळीपासूनचे आहेत, नंतरचे कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन इथे 1915 ते 1921 दरम्यान मोजलेल्या पातळीपासूनचे, त्यामुळे एकाच खुणेचे दोन आकडे मिळतात. शिवाय कोळसा खाणींच्या भागात जमीन खचलेली आहे, आणि ऑर्डनन्स सर्व्हे आता या खुणांची देखभाल करत नाही.