आजी आजोबांना ‘झी’ का म्हणते?

प्रिय पिल्लू,

तुझा व्हॉइस मेसेज काल आम्ही तीनदा ऐकला. एकदा मी, एकदा बाबा, आणि तिसऱ्यांदा दोघांनी मिळून, निव्वळ हसायला. हे उत्तर मुद्दाम मराठीत लिहितेय, तू दोन ओळी वाचून कंटाळशील आणि मग आजीच तुला वाचून दाखवेल हे मला माहितीये, म्हणजे आजीलाही परस्पर कळेल की तू तिची तक्रार थेट जर्मनीत, स्टुटगार्टला केलीयेस.

तर तुझं म्हणणं असं, की इंदूरच्या घरी दुपारी कुरिअरवाला आला, आजोबा झोपलेले, त्याने विचारलं "पार्सल किसके नाम का है", तर आजीने स्वतः सांगायचं सोडून तुला आतून हाक मारून बोलावलं आणि म्हणाली, सांग गं आजोबांचं नाव. आणि तू विचारतेस, नवऱ्याचं नाव तिला घेता येत नाही का? आणि वर म्हणजे ती त्यांना झी म्हणते! पन्नास वर्षं लग्न झालंय आणि झी!

(आई, तुमच्यासाठी सांगते, जर्मनमध्ये ‘तू’ला दू म्हणतात आणि ‘तुम्ही’ला झी. घरच्यांना, मित्रांना, लहान मुलांना दू, आणि ऑफिसातल्या साहेबाला, अनोळखी माणसाला, पोलिसाला झी. म्हणून तिला वाटलं की तुम्ही आजोबांशी पोलिसाशी बोलल्यासारखं बोलता.)

पिल्लू, नाव न घेण्याचं कारण तुला कुणीही सांगेल. जुन्या बायका म्हणायच्या की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. नवऱ्याने बायकोला दिवसातून शंभरदा नावाने हाक मारली तरी तिचं आयुष्य कमी होत नाही, ते का, हे गणित मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. मला ते पटत नाही आणि तूही पटवून घेऊ नकोस. पण ‘अहो’चं तसं नाहीये, ते मला कळायला स्टुटगार्टला यावं लागलं, म्हणून जरा लांबून सांगते.

आमचं लग्न फेब्रुवारी 2010 मध्ये इंदूरला झालं. बाबा आधीपासून इथे नोकरीला, मी इंदूरला. व्हिसासाठी मला जर्मनची ए वन, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा द्यावी लागली, आणि त्या पुस्तकात पहिल्याच धड्यांत हे दू आणि झी होतं. मी घोकत बसायची आणि माझी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, हे तर आपलंच, तू आणि तुम्ही, यात शिकायचं काय? मलाही तसंच वाटलं होतं.

लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. आजीचं नाव असंच बदललंय, तिच्या भावाने तिला कुठल्या नावाने हाक मारली होती ते आठव, तू विचारलं होतंस ना की ही दुसरी बाई कोण म्हणून. माझ्या वेळेला सगळे ताटाभोवती वाकून बघत होते आणि बाबाने माझं होतं तेच नाव लिहिलं. लोकांना वाटलं केवढा पुढारलेला मुलगा. खरं कारण असं की व्हिसाचे कागद जुन्या नावाने भरून झाले होते आणि नाव बदललं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. नाव, आडनाव, मधलं माझ्या बाबांचं नाव, सगळं पासपोर्टवर होतं तसं घेऊन मी एप्रिलमध्ये इकडे आले.

आणि इथे पहिली गडबड झाली ती नावाचीच. तुला आता सवय आहे, पण इथे बिल्डिंगला नंबर असतो, फ्लॅटला नसतो. पोस्टमन खालच्या पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, बस. आमच्या पेटीवर बाबाचंच आडनाव, त्यामुळे माझ्या नावाने आलेलं इन्शुरन्सचं कार्ड दोनदा परत गेलं. पोस्टाच्या हिशोबाने मी त्या घरात राहतच नव्हते. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच घरात एकटी, खिडकीतून तो पोस्टमन येताना दिसायचा, जाताना दिसायचा, आणि माझं काहीच नाही. शेवटी बाबाने एका कागदाच्या पट्टीवर माझं आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटपट्टीने लावलं. त्याचा फोटो आम्ही हौसेने इंदूरला पाठवला तर आजीचा फोन, "अरे भाडेकरू ठेवलाय का रे? सांगितलं नाहीस."

मधल्या नावाचं तर वेगळंच. आपल्याकडे ते वडिलांचं असतं, लग्नानंतर नवऱ्याचं, पण यांच्या फॉर्मवर मधल्या नावाला वेगळी जागा नाही, सगळं एकाच रकान्यात, म्हणून भाषेच्या क्लासात यादीत माझं नाव आणि माझ्या बाबांचं नाव सलग छापलेलं. आमच्या मास्तरीणबाईंना दुसरं सोपं वाटलं असावं, त्यांनी पहिल्या दिवशी मला माझ्या बाबांच्या नावाने हाक मारली. वर्गात कुणाला काही कळलं नाही. मी "हजर" म्हणायच्या ऐवजी दाराकडे बघितलं. पुढचे चार दिवस मी त्यांची चूक सुधारली नाही, का ते तुला मोठी झाल्यावर कळेल किंवा नाहीही कळणार.

आता ‘अहो’कडे येते. इंदूरला सासरी मी दीड महिना राहिले तेव्हा सगळ्यांदेखत बाबाला अहो म्हणायचे, कारण घरात तीच पद्धत, आणि मला काही वाईट वाटत नव्हतं, नवीन साडीसारखं होतं ते, जरा टोचायचं पण बरं दिसायचं. स्टुटगार्टच्या विमानतळावर उतरलो आणि बॅग येईना तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अरे ती निळी आपली आहे का बघ ना!" तेव्हापासून घरात अरे. फक्त रविवारी स्काइपवर इंदूरचा फोन लागला की परत अहो. बाबा कॅमेऱ्याच्या खाली हसू दाबत बसायचा. रविवारी इथे दुकानं बंद, ड्रिलिंग बंद, सगळं चिडीचूप, आणि त्या शांततेत आमचं हे नाटक चालायचं.

एका रविवारी मी गॅसवर, म्हणजे इथल्या त्या काळ्या काचेच्या शेगडीवर दूध ठेवलेलं, तिकडे आजी, आजोबा, आत्या, आणि शेजारच्या काकू अशी पूर्ण बैठक बसलेली, आणि मी बोलता बोलता मागे बघितलं आणि ओरडले, "अरे बघतोस काय, दूध उतू चाललंय, उचल ना!"

तिकडे सगळे गप्प. मला वाटलं स्काइप हँग झालं. पण आजोबांच्या मागचा पंखा फिरत होता.

मग आजोबा म्हणाले, "दंड! उखाणा घे." उखाणा म्हणजे काय ते तुला सांगते, नाव घ्यायचं नसतं ना, तर ते दोन ओळींच्या यमकात गुंडाळून घ्यायला परवानगी असते, लग्नात, हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, आणि सगळ्या बायका मुद्दाम अडवून धरतात. हे मला फार गमतीचं वाटतं, म्हणजे दार बंद पण खिडकी उघडी. तर मी तिथेच, हातात दुधाचं फडकं घेऊन म्हटलं,

"स्टुटगार्टला बर्फ, इंदूरला ऊन,
..... चं नाव घेते, मी रामबागेची सून."

रामबाग म्हणजे आपला इंदूरचा भाग, आणि नाव तेवढं इथे गाळलंय. आणि बर्फ तर ऑक्टोबरात नव्हताच, पण यमकाला कोण विचारतंय. काकूंनी टाळ्या वाजवल्या. आजी काही बोलली नाही. आई, तुम्ही काही बोलला नव्हता, मला चांगलं आठवतंय.

आता खालच्या मजल्यावरच्या ओमाचं, म्हणजे त्या जर्मन आजीचं. तुला ती फक्त शेवटी आजारी असतानाची आठवते. आम्ही आल्यावर महिन्याभरात एक दिवस आमच्या दाराच्या हँडलला एक छोटी पाटी लटकलेली, केअरवोखं लिहिलेली. मला वाटलं, स्वागताची वगैरे असेल, मी ती आत आणून देवाजवळ ठेवली. आठवड्याने ओमा वर आली, माझं आडनाव नीट, सावकाश उच्चारून, झी म्हणत, अतिशय सभ्यपणे सांगितलं की ही पाटी ज्याच्या दारावर त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, आणि मग शेजाऱ्याच्या दाराला लावायची, या भागात हे फार जुनं आहे. मी लाजेने मेले. देवाजवळची पाटी काढून जिना झाडला. (तेव्हा आपल्या इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर यायचा होता, तो 2017 ला आला. 2013 मध्ये आजी इथे आली तेव्हा आमचे चार रंगांचे डबे बघून हसायची, आता तीच फोनवर ओला कचरा सुका कचरा यावर मला सुनावते.)

त्यानंतर ओमा आमची कोण झाली ते सांगायला नको. प्लमचा केक घेऊन यायची, मी तिला पोहे द्यायची, वर सेव आणि जिरावण मसाला घालून, तिला शिंका यायच्या तरी संपवायची. मला ताप आला तेव्हा बाबा ऑफिसात आणि ती माझ्या उशाशी. आणि हे सगळं झी म्हणत! दोन वर्षं झी! मोठ्या माणसाने आधी दू म्हणायला सुचवायचं असतं, तसं तिने एका दुपारी सुचवलं, आणि खरं सांगू, मला जरा रुखरुखच लागली. त्या झीमध्ये तापातल्या गार पट्ट्या होत्या.

तिनेच एकदा सांगितलं की 1963 मध्ये तिचं लग्न झालं तेव्हा इथल्या कायद्यानेही बायकोला नवऱ्याचंच आडनाव लावावं लागायचं, ते 1976 ला बदललं. फॉर्मवर ‘जन्मनाव’ असा रकाना असतो ना, तो भरताना ती म्हणे दर वेळी जरा थांबायची. म्हणजे तुझ्या वर्गातल्या मुलींना सांग, हे फक्त आपल्याकडचं नाही.

तुझ्या जन्माच्या वेळी आजी-आजोबा तीन महिने इथे होते. एक दिवस आम्ही सगळे क्यूनिगश्ट्रासंवर, म्हणजे इथल्या मोठ्या बाजाराच्या रस्त्यावर गेलो, शनिवार, तुफान गर्दी, आणि आजोबा आपले हात मागे बांधून चालत पुढे निघून गेले. फोन त्यांच्याकडे नाही. आजी घाबरली. मी तुला पोटाशी बांधलेलं, मला पळता येईना. मी म्हटलं, आई, नावाने हाक मारा, जोरात! आजीने माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला रस्त्यात नाचायला सांगितलंय. आणि मग तिने श्वास घेऊन हाक मारली, "अहो!"

इंदूरला राजवाड्याजवळ गणपतीच्या खरेदीच्या गर्दीत ही हाक मारली असती तर आपले किमान दहा जण वळले असते, कारण तिथे अहो म्हणजे कुणाचाही नवरा. क्यूनिगश्ट्रासंवर हजारभर माणसं होती आणि त्यातला एकच माणूस थांबला, वळला, आणि शांतपणे म्हणाला, "काय झालं?"

त्या रात्री पहिल्यांदाच आजी माझ्याशी त्या दुधाच्या दिवसाबद्दल बोलली. म्हणाली, तू अरे म्हणालीस तेव्हा मला राग नव्हता गं आला, मला ते ऐकत राहावंसं वाटलं. 1974 मध्ये ती इंदूरच्या या घरात आली तेव्हा वाड्यात एवढी माणसं की पहिली दोन वर्षं तिने आजोबांना हाकच मारली नाही, पोळ्या झाल्या की ती उलथनं तव्यावर दोनदा वाजवायची, आणि ते यायचे. सासूला वाटायचं सूनबाई आदळआपट करते. मग केव्हातरी ‘ऐकलं का’, मग ‘अहो’. म्हणजे तिचं अहो हे उलथन्यापासून वर चढत चढत आलेलं आहे, तू त्याला एकदम झी म्हणून मोकळी झालीस.

आजोबा मात्र तिला पहिल्या दिवसापासून ‘अगं’ म्हणतात, तू, एकेरीत. हे मला खुपतं, तेव्हाही खुपायचं. आदर असेल तर दोन्हीकडून हवा नाहीतर अरे-अगं दोन्हीकडून चालू दे. हे मी आजोबांना सांगितलेलं नाही, आता आजी मोठ्याने वाचतेय तर त्यांना ऐकू जाईलच. आजोबा, रागावू नका. आपण विठोबाला पण अरे म्हणतो, आणि इथले लोकही देवाला दूच म्हणतात, तेव्हा तुम्हाला कुणी अरे म्हटलं तर कमीपणा नाही, आणि आईंना कधीतरी अहो म्हणून बघा.

माझं विचारशील तर मी घरात बाबाला अरे म्हणते, भांडण झालं की पूर्ण नावाने, आडनावासकट. आणि कधी कधी, बाजारात, विमानतळावर, तुझ्या शाळेच्या पालकसभेतून बाहेर येताना गर्दी असली की अहो. तेव्हा तो हसतो, तो तसा का हसतो ते तू मला बरेचदा विचारलंयस.

एक काम कर. पुढच्या आठवड्यात आजी-आजोबांबरोबर गणपतीच्या खरेदीला राजवाड्याला जाशील ना, तेव्हा आजोबांना जरा पुढे जाऊ दे आणि आजीला म्हण हाक मार. किती जण वळतात ते मोज. आणि आजोबा कितवे वळले तेही मला सांग.

तुझी,
आई

ता. क. त्या कुरिअरमध्ये होतं काय, ते कुणीच सांगितलं नाही मला.