उंची पाच फूट असेल, तर जड मोटारसायकलचा साइड स्टँड कसा हाताळावा?

ताई, आपण विचारले आहे की, आपली उंची पाच फूट आहे, साडेतीनशे सीसीची जुनी गाडी नुकतीच घेतली आहे, सीटवर बसल्यावर साइड स्टँड डाव्या पायाला सापडत नाही, तो चाचपडताना गाडी डावीकडे कलते आणि एकदा तर ती पडलीही. तेव्हा शॉकअपमध्ये बदल करून गाडीच खाली बसवून घ्यावी का? माझी उंची पाच फूट एक इंच आहे. यावल-रावेर पट्ट्यात ठिबकचे संच बसविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी करतो, त्यामुळे दिवसातून दहा-बारा वेळा गाडी कुठे ना कुठे उभी करावी लागते आणि त्यांतल्या निम्म्या जागा सपाट नसतात. या अनुभवावरून आपल्याला सांगावेसे वाटते की, गाडी खाली बसविण्याची घाई करू नका. तो शेवटचा उपाय आहे आणि तो केल्यावर आज आहे त्यापेक्षा मोठी अडचण उभी राहू शकते.

साइड स्टँडवर उभी असलेली गाडी तीन ठिकाणी टेकलेली असते: दोन चाके आणि स्टँडचा पाय. गाडी डावीकडे किती कलावी हे स्टँडच्या लांबीवर आणि जमिनीपासून चॅसीच्या उंचीवर ठरते, आणि कारखान्यात या दोन गोष्टींचा मेळ घालूनच स्टँड बनविलेला असतो. चॅसी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, तर गाडी पुरेशी कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते आणि उजवीकडून थोडा धक्का लागला तरी स्टँडचा आधार सुटून पडते. उलट मागचे टायर मोठे घातले किंवा शॉकअप कडक करून गाडी वर उचलली, तर तोच स्टँड आखूड पडतो आणि गाडी इतकी कलते की, आपल्या-माझ्यासारख्या उंचीच्या माणसाला ती सरळ करणे कठीण जाते.

हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. काही वर्षांपूर्वी मी माझी दीडशे सीसीची गाडी मागून सुमारे सव्वा इंच खाली करून घेतली, पुढच्या शॉकअपचे पाइपही थोडे वर सरकवून पुढूनही ती खाली घेतली. दोन्ही पाय टेकू लागले, म्हणून मी समाधानात होतो. तिसऱ्याच दिवशी सावद्याजवळच्या एका केळीच्या बागेत गाडी उभी केली. कॅरिअरच्या उजव्या बाजूला नळीचे वेटोळे बांधलेले होते. मी पाठ फिरवून वाकलो आणि मागे धप्पकन आवाज झाला. गाडी उजवीकडे आडवी झाली होती, पुढच्या ब्रेकचा लिव्हर मोडला होता आणि टाकीतून पेट्रोल ठिबकत होते. अमळनेरकडच्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखविली. त्यांनी ती स्टँडवर लावली, दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि एवढेच म्हणाले, “भाऊ, गाडी खाले उनी, पन स्टँड तठेच ऱ्हायना.” गाडी खाली आली, पण स्टँड होता तिथेच राहिला. माझ्या नुकसानीचे सगळे कारण त्या एका वाक्यात होते.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येतो. डाव्या पायाने स्टँड शोधताना गाडी डावीकडे कलते, कारण त्या वेळी आपण तिला डाव्या पायावरच तोलून धरलेले असते. बुटक्या माणसाला दोन्ही पाय एकदम पूर्ण टेकवता येत नाहीत, म्हणून सवयीने डावा पाय टेकतो आणि मग तोच उचलून स्टँडला लावायचा प्रयत्न होतो. हे उलट करायला हवे. गाडी थांबल्यावर हँडल अगदी सरळ करा, उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबून धरा, बसल्या जागी कंबर चार बोटे उजवीकडे सरकवा आणि उजवा तळवा जमिनीवर पूर्ण टेकवा. गाडी अगदी किंचित उजवीकडे येऊ द्या, म्हणजे तिचा भार त्या पायावर स्थिरावेल आणि डावा पाय मोकळा होईल. मोकळ्या पायाने स्टँड पुढे ढकला, तो शेवटपर्यंत जाऊन टेकल्याचा आवाज ऐका आणि मगच गाडी हळूहळू डावीकडे सोडा. निघतानाही हाच क्रम: आधी कंबर आणि भार उजवीकडे, मग टाचेने स्टँड मागे. ब्रेक पुढचाच वापरावा लागतो, कारण मागच्या ब्रेकचा पाय या वेळी जमिनीवर असतो. आठवडाभर ही गोष्ट घराच्या अंगणात, उजव्या बाजूला कोणाला तरी उभे करून करा. मी हे पस्तिशीत शिकलो आणि त्यानंतर स्टँड लावताना माझी गाडी पडलेली नाही.

स्टँडचा खिळा, म्हणजे पायाने ढकलण्याची ती बाहेर आलेली छोटी खुंटी, पुष्कळ गाड्यांत फूटरेस्टच्या आणि गिअरच्या लिव्हरच्या आड दडलेली असते. पाय लांब असेल तर माणूस वरून टाच घालून ती गाठतो. आपला पाय तिथपर्यंत वळत नाही. वेल्डिंगवाल्याकडून या खुंटीला इंच-दीड इंच लांबीचा गोल गज जोडून घेता येतो. त्याचे टोक गोल घासून घ्यावे, नाहीतर सलवारीचा किंवा पावसाळी पँटचा पाय त्यात अडकतो. स्टँड वर घेतल्यावर ती खुंटी गिअरच्या लिव्हरला लागत नाही आणि डाव्या वळणावर गाडी कलल्यावर जमिनीला घासत नाही, हे समोर उभे राहून तपासा. शंभर-दोनशे रुपयांच्या या कामाने जितका फरक पडतो, तितका हजारो रुपयांच्या बदलानेही पडत नाही, असे माझे मत आहे. स्टँड हलका फिरावा म्हणून त्याची स्प्रिंग ढिली मात्र कधीच करून घेऊ नका. चालत्या गाडीत स्टँड वर धरून ठेवण्याचे काम तीच स्प्रिंग करते, आणि लोंबता स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला अडला तर गाडी उलटते. स्टँड जड वाटत असेल, तर त्याच्या बोल्टभोवतीचा वाळलेला चिखल काढून ग्रीस लावा. निम्मा जडपणा तिथेच जातो. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे धुराच्या प्रदूषणाचे निकष सक्तीचे झाले, ते पाळणाऱ्या बऱ्याच गाड्यांना स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करणारा स्विच असतो. आपल्या गाडीला तो असेल, तर वेल्डिंगनंतर तो चालतो का ते पाहा आणि चिखलामुळे त्रास देतो म्हणून त्याची वायर जोडून तो निकामी करू नका.

उंचीचा प्रश्न सोडवायचाच असेल, तर आधी सीटला हात घाला. या वर्गातल्या क्लासिक 350 ची सीट 805 मिलिमीटर उंच आहे आणि वजन 195 किलो. स्प्लेंडर प्लसची सीट 785 मिलिमीटर आणि वजन 112 किलो. म्हणजे दोघींच्या उंचीत फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा आणि वजनात 83 किलोचा आहे. आपली खरी लढाई उंचीशी कमी आणि वजनाशी जास्त आहे, हे यावरून लक्षात येईल. सीटचा फोम इंचभर छाटला आणि विशेषतः पुढचा भाग, जिथे मांड्या येतात, तो दोन्हीकडून निमुळता केला, तर पाय सरळ खाली पडतात आणि चवड्याऐवजी तळवा टेकू लागतो. यात चॅसी जिथल्या तिथे राहते, म्हणून स्टँडचा हिशेब बिघडत नाही. जाड, सपाट तळव्याचे बूट घातले तर आणखी अर्धा-पाऊण इंच मिळतो. चप्पल घालून जड गाडी उभी करू नये. ओल्या जागी पाय सरकतो आणि मग कुठलेच तंत्र कामाला येत नाही.

एवढे करूनही भागले नाही आणि गाडी खाली घ्यावीच लागली, तर त्याच दिवशी स्टँडही आखूड करून घ्या. किती कापायचा हे अंदाजाने ठरवू नका. बदल करण्याआधी सपाट फरशीवर गाडी स्टँडवर लावून हँडलच्या डाव्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून ठेवा. गाडी खाली घेतल्यावर स्टँडचा पाय जमिनीवरच ठेवून दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या घाला आणि गाडी पूर्वीइतकी कलेपर्यंत जाडी वाढवत जा. हँडलचे अंतर मोजताना फळीची जाडी वजा करायला विसरू नका. जेवढी जाडी लागली, साधारण तेवढाच किंवा किंचित जास्त तुकडा स्टँडमधून काढावा लागतो, कारण स्टँड तिरपा असतो. आधी थोडा कमीच कापावा. वेल्डिंगसाठी स्टँड गाडीवरून पूर्ण काढून न्यावा आणि पाय पुन्हा जोडताना त्याचा तळ जमिनीला सपाट बसेल असा कोन धरावा.

जमिनीबद्दल आपण विचारलेले नाही, पण खान्देशात गाडी चालवायची तर तो विषय टाळता येत नाही. आपण डावीकडून चालतो आणि रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असतो. जाण्याच्या दिशेनेच डाव्या कडेला गाडी उभी केली, तर उजवा पाय उंच भागावर सहज टेकतो, हा फायदा. पण गाडी डावीकडे जास्त कलते आणि सरळ करायला ताकद लागते. उलट दिशेने तोंड करून लावली, तर स्टँडची बाजू उंच येते, गाडी ताठ राहते आणि उजवीकडे पडते. मी पहिला प्रकार पत्करतो, मात्र साइडपट्टी फार उतरती असेल तर थोडा पुढे जाऊन जागा शोधतो. चढ-उतार असेल तर गाडीचे तोंड चढाकडे ठेवा आणि पहिला गिअर टाका, कारण गाडी पुढे सरकली तर स्टँड मागे दुमडतो. शेताच्या वाटेवर किंवा अरुंद गल्लीत शिरताना, बाहेर कसे निघायचे हे आधी पाहा; बसून पायांनी गाडी मागे रेटणे आपल्या उंचीला झेपत नाही, म्हणून खाली उतरून, डाव्या बाजूला उभे राहून, ती आधीच बाहेरच्या दिशेने वळवून लावावी.

आपली काळी जमीन पावसात फुगून लोण्यासारखी होते आणि स्टँडचा पाय तिच्यात हळूहळू रुतत जातो. गाडी लावली तेव्हा नीट उभी असते आणि अर्ध्या तासाने आडवी झालेली दिसते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की, डांबराची हीच गत होते. दुपारी रस्त्यावर लावलेल्या गाडीच्या स्टँडचा ठसा संध्याकाळी बोटाने मोजता येतो. यासाठी मी स्टँडच्या पायाखाली तीन इंच व्यासाची जाड लोखंडी चकती वेल्ड करून घेतली आहे आणि डिकीत शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा ठेवतो. बाकी काही नसले तर ठेचून सपाट केलेला तेलाचा पत्र्याचा डबाही चालतो. सामान बांधलेले असेल, तर जड बाजू डावीकडे घ्या. मागे भार पडला की शॉकअप दबतो, गाडी ताठ होते आणि तो भार उजवीकडे असेल तर माझ्या बागेत झाले तेच होते.

आपल्या गाडीला डबल स्टँड असेल, तर जास्त वेळ थांबायचे असताना तोच वापरा. तो लावायला हातात बळ लागते हा समज खरा नाही. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला एकाच वेळी टेकले आहेत हे आधी जाणवू द्या, डावा हात हँडलवर आणि उजवा मागच्या दांडीवर ठेवा, आणि मग हाताने न ओढता उजव्या पायाने स्टँडच्या खुंटीवर अंगाचा सगळा भार टाकून उभे राहा. गाडी आपोआप मागे चढते. माझी पत्नी माझ्याहून हलकी आहे आणि ती हे रोज करते.

गाडी पुन्हा पडलीच, तर आधी इंजिन बंद करा आणि पेट्रोल सांडत नाही ना ते पाहा. ती उजव्या बाजूला पडलेली असेल, तर उचलण्यापूर्वी साइड स्टँड उघडून ठेवा आणि गिअर टाका, नाहीतर उचलताना तोल जाऊन ती दुसऱ्या बाजूला जाते. सीटला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरून लहान पावलांनी मागे रेटत ती उभी होते, पण मदतीला कोणी येणारे असेल तर थांबा. कंबर एकदा धरली की महिना जातो. आपल्या गाडीचे मॉडेल, ती स्टँडवर असताना हँडलच्या डाव्या टोकाचे जमिनीपासूनचे अंतर आणि सीटची उंची मोजून कळविली, तर फोम किती छाटावा हे मी सांगू शकेन.