सर्पमित्र काकांना पद्म पुरस्कार मिळावा म्हणून काय करायचं?

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या गावात एक सर्पमित्र काका आहेत, किराणा दुकान चालवतात आणि तीसेक वर्षं साप पकडून रानात सोडतात, कुणाला साप चावला की मांत्रिकाकडे न नेता आपल्या गाडीवरून दवाखान्यात पोचवतात, पेट्रोलचे पैसेसुद्धा घेत नाहीत. मध्यंतरी त्यांना एका संस्थेचा फोन आला की तुमची राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झालीय, 11 हजार नोंदणी फी भरा. काका पैसे भरायला निघाले होते, आम्ही पोरांनी थांबवलं. पण त्यांना खरंच काहीतरी मिळायला हवं असं वाटतं. पद्म पुरस्कारासाठी वशिला लागतो का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: थांबवलंत ते फार बरं केलंत. पैसे मागून दिलेला पुरस्कार म्हणजे ट्रॉफीची विक्री झाली, आणि यात फसतात ती बहुतेक काकांसारखीच साधी माणसं, ज्यांना आयुष्यात कुणी शाबासकी दिलेली नसते, मला याचा मनापासून राग येतो. पद्म पुरस्काराला कसलीही फी नसते. आणि शिफारस फक्त मंत्री-आमदारांनीच करायची असंही नाही, कुणीही नागरिक करू शकतो, अगदी स्वतःचं नावसुद्धा स्वतः पाठवता येतं. सगळं ऑनलाइन होतं, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. 2024 साली मुदत 15 सप्टेंबरपर्यंत होती, पण दरवर्षी तीच तारीख धरून बसू नका, पोर्टलवर बघत राहा.

वशिल्याचं म्हणाल तर राहीबाई पोपेरेंकडे बघा. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, गावरान बियाणं जपत राहिल्या आणि 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्याच यादीत कर्नाटकातल्या झाडं लावणाऱ्या तुलसी गौडाही होत्या.

आता खरी मेहनत कुठे आहे सांगते. फॉर्ममध्ये जास्तीत जास्त 800 शब्दांत त्या माणसाचं काम लिहायचं असतं आणि तिथेच बहुतेक लोक 'थोर समाजसेवक, निःस्वार्थी व्यक्तिमत्त्व' असं लिहून मोकळे होतात, ते वाचून समितीला काय कळणार हो? तुम्ही असं लिहा की काकांनी कुठल्या साली सुरुवात केली, कशामुळे केली, किती गावांतून बोलावणं येतं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं यातलं काय जास्त सापडतं, किती जणांना वेळेत दवाखान्यात नेलं आणि त्यातले किती वाचले, शाळेत जाऊन मुलांना काय शिकवतात. वनखात्याकडे नोंदी असतील तर त्या मिळवा, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोला, जुनी पेपरातली कात्रणं शोधा. आकडा खात्रीचा नसेल तर लिहू नका, फुगवलेला एक आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या कामावरही विश्वास राहत नाही.

नावं पंतप्रधानांनी नेमलेली समिती बघते, अध्यक्ष कॅबिनेट सचिव असतात. मरणोत्तर, परदेशी वगैरे सोडले तर वर्षाला जास्तीत जास्त 120 पुरस्कार, त्यामुळे पहिल्या खेपेला नाही झालं तर नाराज न होता पुढच्या वर्षी परत पाठवा. आणि काकांना आधीच कबूल करून ठेवू नका, वाट बघणं त्रासाचं असतं.

प्रश्न: पद्मश्री मिळाल्यावर रोख रक्कम किती मिळते? नावाआधी पद्मश्री लिहिता येतं ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर: रक्कम काहीच नाही, रेल्वे-विमानाची सवलत पण नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. नावाच्या मागेपुढे लावता येत नाही, तो किताब नाही असं सुप्रीम कोर्टाने 1995 सालीच स्पष्ट केलंय, त्यामुळे लग्नपत्रिकेत आणि लेटरहेडवर छापू नका.

आणि साताऱ्याच्या मंडळींनो, पुरस्काराचं जेव्हा व्हायचं तेव्हा होईल, पेट्रोलच्या खर्चासाठी ग्रामपंचायतीत बोलून बघा. माहिती गोळा करायला या रविवारी वही घेऊन दुकानात बसा तेव्हा काकूंनाही बोलतं करा, रात्री-अपरात्री किती वेळा दार वाजलं ते त्यांना जास्त आठवत असेल.