लेथ आहे, हाताला वळण आहे, मग हौस म्हणून शिकारीच्या रायफली बनवून विकता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उद्यमबागेत लेथवर काम करता, अमेरिकेतली माणसं घरच्या वर्कशॉपमध्ये शिकारीच्या रायफली जोडतात, दस्ता (खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) बदलतात, पॉलिश करून विकतात ते व्हिडिओ बघितलेत, आणि हा छंद आपल्या बेळगावात करता येईल का, त्यातून चार पैसे मिळतील का, हे विचारलंय.

बनवून विकणं होणार नाही. परवान्याशिवाय अजिबात नाही, आणि हौशी माणसाला तो परवाना मिळेल या आशेवर एक रुपयाही घालू नका. पण तुमच्या हाताला जी ओढ लागली आहे ती मला चांगली ठाऊक आहे. मी त्याच उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथं, २१ वर्षं काढली आहेत, आणि गेली काही वर्षं रविवारी रायफलीचंच एक काम करतो, जे कायद्यात बसतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कायदा, कारण आपल्याकडे याबद्दल चहाच्या टपरीवर भलतंसलतं ऐकायला मिळतं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ वाचा. बंदूक बनवणं, विकणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, तिच्यात बदल करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, या प्रत्येकाला परवाना लागतो. 'मी फक्त सुटे भाग करतो' म्हणून सुटता येत नाही, कारण 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच सुटे भाग आणि शस्त्र बनवायची यंत्रसामग्री दोन्ही धरली आहेत. म्हणजे नळी करायला घेतलीत तर तुमचा लेथसुद्धा जप्तीच्या यादीत जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणं आणि विकणं याला कमीत कमी ७ वर्षं, आणि जास्तीत जास्त जन्मठेप. आमच्या शॉपमधल्या पोरांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण 'दंड भरून सुटू' असं त्यांना वाटत असतं.

अमेरिकेतल्या व्हिडिओंत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे तिथंही स्वतःपुरती रायफल जोडणं वेगळं आणि विकायचा धंदा करणं वेगळं. धंद्याला तिथं फेडरल परवाना लागतो.

'कोडगूत (कूर्गमध्ये) चालतं की' असंही कुणीतरी म्हणेल. कोडव लोकांना आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेनं आलेल्या) जमीनधारकांना बंदूक बाळगायला परवान्यातून सूट आहे, ती इंग्रजांच्या काळापासून चालत आली आणि केंद्रानं २०२९ पर्यंत वाढवली आहे. ती बाळगण्याची सूट आहे, बनवून विकण्याची नाही. आणि बेळगाव जिल्ह्याला ती लागूही नाही.

उरली शिकार. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नं ती बंद आहे. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत गेलं, म्हणजे संरक्षण अजून आहेच. जांबोटी, कणकुंबीकडच्या शेतकऱ्याचं भात एका रात्रीत आडवं होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय, माझं आजोळ तिकडंच. त्या माणसाचा राग खरा आहे. पण त्याला घरगुती रायफल देणं म्हणजे त्याला तुरुंगाच्या दारात नेऊन उभं करणं. त्यानं वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करावा, सौर कुंपण घालावं. एखादा प्राणी धोकादायक झालाच तर त्याबद्दलची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या हातात असते, गावातल्या कुणाच्याही नाही.

(आपल्या भागात बंदुकीचा परवाना ही जुनी दुखरी जागा आहे. १८५७ साली हत्यारं नोंदवायचा हुकूम आला तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगली गावचे बेडर समाजातले लोक त्याविरुद्ध उठले आणि इंग्रजांनी गाव जाळलं. शाळेत हे एका ओळीत संपतं. हलगली इथून फार लांब नाही, एकदा जाऊन या.)

कायद्याहून मला जास्त भीती वाटते ती दाबाची. तुम्ही टर्नर आहात, तुम्हाला हे लगेच पटेल. आपल्या इथं हायड्रॉलिक सिलिंडर २००, २५०, फार तर ३५० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) चालतात, आणि टेस्टिंगच्या वेळी आपण जाळीमागं उभे राहतो. .३०-०६ सारख्या शिकारीच्या काडतुसात कमाल दाब ४००० बारच्या आसपास जातो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागात, आणि त्या वेळी तुमचा गाल त्या दाबापासून वीतभर अंतरावर असतो. कारखान्यातली नळी ठरावीक पोलादाची असते, तिचं हीट ट्रीटमेंट झालेलं असतं, आणि नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून ती तपासल्यावरच तिच्यावर प्रूफचा ठसा उमटतो. बाजारातल्या रॉडला तसा ठसा नसतो. आतली चीर मायक्रोमीटरला दिसत नाही. आजोळच्या गावात एकानं कुणाकडून तरी घेतलेली गावठी बंदूक भाताच्या राखणीला वापरली, मागचा भाग फुटून उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी तेव्हा आठवीत होतो. त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेताना हाताला गुंडाळलेलं धोतर मला अजून दिसतं. दवाखान्यात खरं सांगायची चोरी, म्हणून उपचारालाही उशीर झाला.

आता माझं प्रेम ज्याच्यावर आहे ते सांगतो: दस्ता.

माझ्या आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे ती ठाण्यात जमा केली. परत मिळाली तेव्हा पाऊस सुरू झाला होता, आणि मधल्या काळात ती ओल्या भिंतीला टेकून पडली होती. नळीवर गंज, आणि दस्त्याला मानेजवळ, जिथं मूठ बसते तिथं, तंतूंच्या दिशेनं लांब चीर. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते अंगठ्यानं ती चीर चाचपत बसले. मी तेव्हा आयटीआयला होतो. म्हणालो, मी चिकटवतो. त्यांनी मान हलवली. "लाकूड तुला जमंल रे बाळा, पर कागद कुणाच्या नावावर हाय? माझ्या. तुझ्या हातात गावली तर काय सांगशील?" बंदूक परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. मी सोबत गेलो आणि दिवसभर त्याच्या बाकाशेजारी उभा राहिलो.

त्या दिवशी कळलं की दस्त्यात सगळी गंमत मापाची असते. त्या माणसानं आजोबांना बंदूक खांद्याला लावायला सांगितली, डोळे मिटून. मग डोळे उघडायला सांगितले आणि विचारलं, "माशी दिसते का सरळ?" माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा. नाही दिसली. बंदूक बहुधा एखाद्या उंच माणसासाठी घडवलेली, आजोबा बुटके. चाळीस वर्षं ते मान वाकडी करून नेम धरत आले होते. आजोबा गेल्यावर वडिलांनी ती रीतसर जमा केली. मी त्याआधी दस्त्याची बाह्यरेषा खाकी कागदावर काढून घेतली. तो कागद माझ्याकडे आहे.

तुमच्यासाठी वाट इथूनच निघते. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल बाळगायला परवाना लागत नाही. ऑलिंपिकमधली १० मीटर एअर रायफल याच मापात बसते. आपल्यापासून दोन-अडीच तासांवर कोल्हापूर आहे. तेजस्विनी सावंत तिथली, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेमबाजी) जागतिक विजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य घेतलं. त्यानंतर निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या किती पालकांनी मला फोन केले, विचारू नका.

या मुलांची अडचण नेहमी एकच असते. जर्मन बनावटीची मॅच (स्पर्धेची) रायफल नवी घेणं परवडत नाही, म्हणून कुणातरी मोठ्या मुलाची जुनी घेतात, आणि ती अंगाला बसत नाही. खानापूर तालुक्यातली दहावीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. उसाचं बिल आल्यावर वडिलांनी रायफल घेतलेली. उभी राहिली तेव्हा बघितलं: डायॉप्टरमधून, म्हणजे नेम धरायच्या मागच्या बारीक भोकातून, बघायला ती मान पुढं काढून खाली पाडत होती, कारण गालपट्टी, म्हणजे दस्त्यावर गाल टेकवायचा भाग, तिच्या गालाच्या हाडाला लागतच नव्हती. डोकं सरळ नसलं की तोल जातो, तोल गेला की श्वास अडतो. मी गालपट्टीवर मॉडेलिंग क्ले थापला, तिला डोळे मिटून गाल टेकवायला लावला, पाच-सहा वेळा. दर वेळी ठसा थोडा सरकायचा, आणि शेवटचे तीन एकमेकांवर बसले. त्यावरून बीचच्या लाकडात पट्टी कोरली, ७ मिलिमीटर उंच आणि मागच्या बाजूला किंचित बाहेर झुकलेली. बटप्लेटच्या (खांद्याला लागणाऱ्या पट्टीच्या) मागची एक चकती काढून चापापासून खांद्यापर्यंतचं अंतर दीड सेंटिमीटर कमी केलं. मग तिचा डावा कोपर आपसूक कमरेच्या हाडावर टेकला. आधी तो हवेत असायचा आणि सगळं वजन दंडाच्या स्नायूवर यायचं.

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, नऊच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच. तिचे छर्रे आधी सातपर्यंत विखरायचे. दोन महिन्यांनी तिनं कार्ड आणून दाखवलं, पाचही भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटकं भोक झालेलं. ते कार्ड मी पॅटर्न शॉपच्या भिंतीला लावलंय. नळीला, व्हॉल्व्हला, चापाच्या यंत्रणेला मी हात लावलेला नाही, आणि तुम्हीही लावू नका. ताकद वाढवायला कुणी सांगितलं तर सरळ परत पाठवा. २० जूलची रेघ ओलांडली की तीच वस्तू परवान्याची होते. सिलिंडरमध्ये २०० बार हवा असते आणि त्याची मुदत १० वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर कुणी 'बुश मारून दे' म्हणून आणला तर तोही परत.

पैशांचं म्हणाल तर मी लाकूड आणि मजुरी एवढंच घेतो. साध्या गालपट्टीचे ८०० रुपये, पूर्ण दस्त्याला महिन्याचे रविवार जातात म्हणून त्याचा हिशेब वेगळा. रायफल खेळाडूची, पावती खेळाडूच्याच नावावर, आणि काम चालू असताना खेळाडू शक्यतो समोर बसलेला. मी अख्खी एअर रायफल बनवून विकत नाही. बाळगायला परवाना नाही म्हणजे बनवून विकायलाही नाही, असं तुम्हीही धरून चालू नका. त्या बाजूला जायचंच असेल तर आधी लेखी उत्तर घ्या, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयातून, तालुक्यात असाल तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून. उत्तर कन्नडमध्ये येईल, ते कुणाकडून तरी शब्द न् शब्द वाचून घ्या, अंदाजानं सही करू नका.

लाकडाबद्दल एक सावधगिरी. खानापूरच्या बाजूला शिसव दिसली की सुताराचा जीव खाली-वर होतो, माझाही होतो. पण शिसव, साग, चंदन तोडायला आणि न्यायला वनखात्याची परवानगी लागते, आणि दस्त्याला शिसव तशीही जड पडते. स्पर्धेत एअर रायफलला साडेपाच किलोची मर्यादा आहे. अक्रोड उत्तम, कारण तो हवामानानं फारसा हलत नाही, पण तो महाग. सुरुवातीला बीचचे थर चिकटवलेली फळी घ्या, ती पावसाळ्यातही वाकत नाही.

पहिलं काम म्हणून अख्खा दस्ता हातात घेऊ नका, एक गालपट्टी करा. क्लबमध्ये जाऊन एखाद्या मुलाला उभं राहताना अर्धा तास नुसतं बघा, मग क्लेचा ठसा घ्या, आणि लाकूड कोरायच्या आधी त्याला त्याच क्लेवर चाळीस छर्रे मारू द्या. तुम्ही टर्नर आहात, तेव्हा वरखाली करायचा स्क्रू आणि त्याची पितळी बुशिंग माझ्यापेक्षा चांगली कराल. मला ती बाहेरून करून घ्यावी लागतात. पुढच्या महिन्यात दोन मुलांची कामं आहेत, एक निपाणीचा, एक हल्याळचा. रविवारी दहानंतर मोकळे असाल तर इथंच निरोप ठेवा, बुशिंगची मापं पाठवतो.