पेशीमृत्यूला ‘चालना’ मिळते की खटका सुटतो?

जीवशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: कीटकांच्या पेशींत ‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’ कशी ‘ट्रिगर’ होते, हे सांगताना ‘नियोजित पेशीमृत्यूला चालना मिळते’ असं लिहिलेलं चालेल का? की ‘पेशी आत्महत्या करते’ हे जास्त सोपं जाईल?

आधी ‘चालना’ घेऊ. चालना आपण उद्योगाला देतो, विचाराला देतो, रखडलेल्या कामाला देतो. जे थांबलंय त्याला पुढे लोटायचं, आणि ते पुढे जावं अशी इच्छाही त्यात असते. ‘मृत्यूला चालना’ म्हटलं की म्हणूनच कानाला चमत्कारिक लागतं. पण खरी अडचण कानाची नाही, अर्थाची आहे. कीटकाच्या पेशीत मरणाची यंत्रणा थांबलेली नसतेच. ती सज्ज असते आणि तिला सतत रोखून धरलेलं असतं.

ड्रोसोफिला या माशीत हे फार बारकाईने उलगडलं गेलंय. तिच्या पेशीत ‘ड्रॉंक’ नावाचं एक प्रथिन असतं. इतर प्रथिनं कातरणाऱ्या कॅस्पेज या विकरांच्या कुळातलं ते आहे. ‘डार्क’ नावाच्या प्रथिनाशी त्याची जोडणी झाली की ते कामाला लागतं आणि ‘ड्राइस’सारख्या पुढच्या कॅस्पेजना जागं करतं. मग पेशी आतून कातरली जाते. एरवी हे होत नाही, कारण ‘डायप-१’ हे आणखी एक प्रथिन ड्रॉंकला चिकटून त्याला आवरून धरतं. पेशी मरायची वेळ आली की रीपर, हिड, ग्रिम ही प्रथिनं तयार होतात. (रीपरचा जनुक १९९४ साली सापडला; विळा घेऊन येणाऱ्या मृत्यूच्या पाश्चात्त्य प्रतिमेवरून त्याला हे नाव मिळालं.) ही तिन्ही ड्रॉंकच्या वाटेला जात नाहीत, ती डायप-१ला धरतात. डायप-१ निष्प्रभ होतं, नष्टही होतं, आणि ड्रॉंक मोकळं सुटतं. शब्द निवडताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: रीपर वगैरे काही न आणता नुसतं डायप-१ काढून घेतलं, तरी पेशी मरते. कुणी ढकलावं लागत नाही.

यासाठी मराठीत ‘खटका’ हा नेमका शब्द आहे. उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग आधीच ताणलेली असते. खटका तिला धरून असतो, तो सुटला की सापळा मिटतो. बंदुकीच्या चापाचंही तत्त्व हेच, आणि ‘ट्रिगर’ म्हणजे मुळात तो चापच. म्हणून मी ‘पेशीमृत्यूचा खटका सुटतो’ असं लिहीन. ‘खटके उडणे’ म्हणजे भांडण, पण एकवचनात ‘सुटणे’ जोडलं की घोटाळा होत नाही. गंभीर लेखात खटका फार घरगुती वाटत असेल, तर ‘पेशीमृत्यूवरचा अटकाव उठतो’ म्हणा.

खटका कशाने सुटतो, हे मात्र वेगळं सांगायला हवं. किरणोत्सर्गाने डीएनए तुटला तर पी-५३ हे प्रथिन रीपरचा जनुक जागा करतं. कोशात चाललेल्या रूपांतरात हेच काम एक्डायसोन या संप्रेरकाकडून होतं. अळीच्या लाळग्रंथी कोश पृष्ठभागाला चिकटवणारा डिंक बनवतात. ते काम आटोपल्यावर एक्डायसोनची लाट येते आणि त्या ग्रंथी विरघळून जातात. त्याच संप्रेरकामुळे त्याच कोशात पंख मात्र घडत असतात. त्यामुळे ‘एक्डायसोन हा मृत्यूचा संदेश’ असं सरसकट लिहू नये.

कॅस्पेजच अडवले तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. लष्करी अळीच्या पेशीत बॅक्युलोव्हायरस शिरला की पेशीमृत्यू सुरू होऊ शकतो, पण विषाणूकडे पी-३५ हे प्रथिन असतं. कॅस्पेज ते कातरायला जातं आणि त्यातच अडकून बसतं. पी-३५ नसलेला विषाणू दिला, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या कडेला फुगवटे येताना दिसतात, ते वाढतात, आणि शेवटी पेशी फुटून आवरणात बांधलेल्या मण्यांचा पुंजका उरतो. इथे ‘सडते’, ‘कुजते’ ही क्रियापदं वापरू नका. ती इजा होऊन मरणाऱ्या, आतला ऐवज बाहेर सांडणाऱ्या पेशीची आहेत.

‘आत्महत्या’ मी टाळेन. त्या शब्दात मन आहे, दुःख आहे, निर्णय आहे. पेशीकडे यातलं काहीच नाही. आणि आपण माणसाच्या बाबतीत तो शब्द जपून वापरतो, तो उपमेसाठी खर्चू नये.

‘नियोजित’ रुळलेला आहे, तरी मला तो खुपतो. नियोजित अध्यक्ष, नियोजित वर, नियोजित दौरा: कुणीतरी ठरवलेलं आणि अजून न झालेलं. ‘नियत पेशीमृत्यू’ जवळचा वाटतो. गंमत अशी की मूळ इंग्रजी संज्ञा कीटकांवरूनच आली. रिचर्ड लॉक्शिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४-६५च्या सुमारास ती रेशीम पतंगांच्या पोटातल्या स्नायूंसाठी वापरली. कोशातून बाहेर पडायला पतंगाला हे स्नायू लागतात आणि बाहेर आल्यावर लवकरच ते झिजून नाहीसे होतात.

अशाच पेशीमृत्यूसाठी वापरला जाणारा ‘अपोप्टोसिस’ हा शब्द नंतरचा, १९७२चा. अ‍ॅबर्डीनमधले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी तो सुचवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पाकळ्या किंवा पानं गळून पडणं. आपली ‘पानगळ’ आठवून ‘पेशीगळ’ म्हणायचा मोह मलाही झाला, पण पेशी गळून खाली पडत नाही, शेजारच्या पेशी तिला गिळतात. तेव्हा संज्ञा म्हणून ‘अपोप्टोसिस’च ठेवा. हा शब्द पहिल्यांदा मांडणाऱ्या १९७२च्या लेखात दुसरा ‘प’ अनुच्चारित ठेवावा असं सुचवलं होतं, पण मराठीत लिहितो तसं वाचतो, त्यामुळे तो उच्चारला तरी हरकत नाही.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘रीपर, हिड, ग्रिम ही प्रथिनं डायप-१ला दूर करतात, तेव्हा ड्रोसोफिलासारख्या कीटकाच्या पेशीत नियत मृत्यूचा खटका सुटतो.’